करंगळीखालचं हाड

प्लास्टरवाला : हात सैल सोड. कसा मोडला म्हणालास?

फिटर : जिन्यावरून पडलो, काका.

प्लास्टरवाला : पडलं की मनगट जातं. हे करंगळीखालचं हाड ठोसा मारल्याशिवाय मोडत नाही, बाबा. सकाळपासून तू पाचवा. पाचही जण जिन्यावरूनच पडलेत. अख्ख्या वस्तीला एकच जिना आहे का रे?

फिटर : ...तो वस्तीच्या पाण्याच्या टाकीत विष टाकत होता.

प्लास्टरवाला : पाहिलंस?

फिटर : टाकीवर चढला होता. हातात बाटली.

प्लास्टरवाला : विष, हे कोण म्हणालं?

फिटर : सगळेच.

प्लास्टरवाला : सगळे एकदम नाही म्हणत. आधी कोण?

फिटर : मीच. बायकोला नुसतं म्हणालो, काही टाकत तर नसेल ना? मी बूट घालून खाली उतरेपर्यंत तेच माझ्याकडे परत आलं, विष टाकलं म्हणून. मग मलाही खरंच वाटलं. रक्त उसळलं. पाय धरून खाली ओढला. दात तुटून पडले त्याचे, तरी माझा हात थांबेना.

प्लास्टरवाला : तो काही सांगत होता?

फिटर : ओरडत होता. त्या गलक्यात कोण ऐकतंय? उलट तो ओरडला की आम्हाला आणखी चेव यायचा.

प्लास्टरवाला : पलीकडच्या खोलीत आहे तो. पाणी तपासणारा माणूस. कालचा नमुना खराब निघाला, म्हणून पुन्हा घ्यायला चढला होता. जबडा तारेनं आवळलाय. शुद्धीवर आला आणि खुणेनं कागद मागितला. मला वाटलं, मारणाऱ्यांची वर्णनं लिहील. हे घे, वाच.

फिटर : ‘टाकीत गटाराचं पाणी शिरलंय. मुलांना देऊ नका.’ ...काका, माझी धाकटी घरी आहे!

प्लास्टरवाला : फोन लाव. हा हात हलवू नकोस, ओला आहे.

(फिटर डाव्या हातानं फोन लावतो. स्पीकर चालू.)

फिटर : अगं, टाकीचं पाणी पोरीला देऊ नकोस. थेंबभरसुद्धा नको.

बायको : सकाळीच प्यायली हो! उलट्या थांबत नाहीयेत. डोळे फिरवतेय.

फिटर : इथं घेऊन ये, आत्ताच्या आत्ता. आणि ऐक, त्यानं काही टाकलं नव्हतं. तो आपल्यालाच सांगायला...

बायको : टाकलं नव्हतं? पोर माझ्या मांडीवर तडफडतेय आणि तुम्ही त्याची बाजू घेताय? जिवंत आहे का मेला अजून? कुठं ठेवलाय? इथं सगळे विचारतायत.

फिटर : ...तू पोरीला घेऊन ये. एकटीच ये.