गोठ्यातली कृपा

जेबेझ : ...आणि मग, बंधूंनो, छातीवरचा दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवावा तसं झालं. एवढा पापी मी, तरी देवानं मला टाकलं नव्हतं. कसं वाटतंय?

मेहिटेबल : चांगलं आहे.

जेबेझ : नुसतं चांगलं? अगं, उद्या चर्चमध्ये सगळ्या मंडळीसमोर उभं राहायचंय. देवाची कृपा कशी झाली ते वडीलजनांना पटलं, तरच मी सभासद. आणि आईबापांतलं एक तरी सभासद असल्याशिवाय आपल्या डॉर्कसला बाप्तिस्मा नाही.

मेहिटेबल : ठाऊक आहे. हे झालं कुठे म्हणालात?

जेबेझ : गोठ्यात. गेल्या हिवाळ्यात.

मेहिटेबल : गोठ्यात नाही, या खाटेवर. आणि तुम्हाला नाही, मला. आपला लेक ओबेद गेला त्या रात्री. सकाळी तुम्हाला सांगितलं होतं, याच शब्दांत.

जेबेझ : तू कुठे उठून बोलणार होतीस? तापात भास झाला असेल, सैतानानं फसवलं असेल, वर्षभर हेच चाललंय तुझं.

मेहिटेबल : म्हणून तुम्ही उचललंत?

जेबेझ : मग काय, मला वाटलं ते सांगू? राग आला होता मला. देवाचा. अजून आहे. हे ऐकून कोण घेईल आत?

मेहिटेबल : हळू बोला. ती झोपलीय.

जेबेझ : झोपलीय कुठे, धापा टाकतेय. ओबेदसारखीच. हिलाही तशीच, बाप्तिस्म्यावाचून पुरायची?

मेहिटेबल : बाप्तिस्म्यानं कुणी तरत नाही. पाळकच सांगतात.

जेबेझ : सांगतील की. त्यांची सगळी पोरं बाप्तिस्मा घेऊन आत आहेत.

(मेहिटेबल घेवड्याची हंडी निखाऱ्यांवर सरकवते. सूर्य मावळला की शब्बाथ, देवाचा विश्रांतीचा दिवस; मग कामाला हात लावायचा नाही.)

मेहिटेबल : उद्या मी बोलते.

जेबेझ : तू? आणि वडीलजनांनी विचारलं, बाई, खात्री आहे का, तर?

मेहिटेबल : नाही म्हणेन.

जेबेझ : मग संपलंच.

मेहिटेबल : संपू दे. खोटं बोलून मिळवलेलं पाणी तिच्या कपाळावर नको मला. शंका तर शंका, माझी आहे ती.

जेबेझ : आणि मी काय करू?

मेहिटेबल : मागे बसा, तिला घेऊन. आणि अहो...

जेबेझ : काय?

मेहिटेबल : तुम्हाला राग आला होता हे आधी सांगायचंत. वर्षभर मला वाटत होतं, ओबेद गेला त्याचं तुम्हाला काहीच वाटलं नाही.