फोन न लागणारी बाई

मूठ सोडा आता — सुईकडे नको, भिंतीकडे बघा — झालं, एवढंच. कापूस दाबून धरा. आणि काय म्हणालात, गोळ्या पुढच्या महिन्यापासून? का, या महिन्याने काय घोडं मारलंय? पाचवा ना तुम्हाला? मला सातवा. ॲप्रन ढगळ आहे म्हणून कळत नाही. हिमोग्लोबिन अकराच्या खाली आलं की त्याच दिवशी लोहाची गोळी सुरू — डॉक्टरबाईंचं वाक्य, मी रोज वीस जणींना ऐकवते. चहाबरोबर घ्यायची नाही. पोट गच्च होतं, मळमळतं, मला विचारा — मला विचारा म्हणजे — बसा हो, लगेच उठू नका, चक्कर येईल.

मी दहा दिवस घेतल्या. मग पोट असं रुसलं की डबी गेली कपाटात. डॉक्टरबाई विचारायच्या, मी म्हणायची, घेते ना. चौथ्या महिन्यात दहा होतं, म्हटलं पाचव्यात बघू. पाचव्यात म्हटलं, सहाव्यात. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, दुसरं काय. दिवसभर परक्या बायकांच्या पापण्या ओढून बघते, पण आरशात स्वतःची बघायची म्हटलं की मला नेमकं काम आठवतं. एक जिना चढले की धाप लागते. घरात बर्फाचा खडा उरत नाही, सगळा मीच कडाकडा चावते — आणि हे रक्त कमी झाल्याचं लक्षण, हेही मीच सगळ्यांना सांगते.

सोमवारी गुपचूप स्वतःचं रक्त काढलं. बाटलीवर नाव टाकलं सासूबाईंचं, वय तीस, सातवा महिना. अक्कल बघा माझी. मशीनला काय, त्याला सासू कळते की सून? सव्वासात आलं. म्हटलं, मशीन बिघडलं. पुन्हा लावलं, पुन्हा सव्वासात. आणि रिपोर्ट नेमका डॉक्टरबाईंच्या हातात. म्हणाल्या, या बाईला आजच बोलवा, आता गोळ्यांची वाट बघण्यात अर्थ नाही, शिरेतून लोह द्यायचं. बाळंतपणात जरा जास्त रक्त गेलं तर ही कशी तगेल? मी म्हटलं, फोन लागत नाही. आज चौथा दिवस — त्या रोज विचारतात, आणि सासूबाईंचा फोन रोज लागत नाही. हसताय? हसा. मलाही येतं हसू. मग बाळ आत हलतं आणि फार भीती वाटते हो. पण सांगू कुठल्या तोंडाने, तीन महिने घेते-घेते म्हणत —

हो डॉक्टरबाई? नाही, यांचं झालंय. ती बाई? सव्वासातवाली? …आलीये.

उठा बाई तुम्ही. खुर्ची मला लागणार आहे.