बुधाजीचा अंगठा

नाही, हरेश्वरराव, साक्षीदार म्हणून मी सही करणार नाही. तुमच्या शिष्यवृत्ती फंडाबद्दल मला आदर आहे — पण शहाणं माणूस डोळ्यांनी पाहिल्याखेरीज साक्ष देत नसतं. बसा ना, मोरा बंदरातून बोट सुटायला अजून तास आहे. काय म्हणता, अर्जावर सगुणेच्या बापाच्या अंगठ्याच्या रेषाच उमटल्या नाहीत? नुसता काळा डाग? अहो, शेव्याच्या मिठागरात जन्म गेला त्याचा. मिठाने रेषा शिल्लक ठेवल्या असत्या तरच नवल. साक्षीशिवाय उद्या कमिटी अर्ज बाद करील म्हणता — करू दे. नियम तो नियम.

सगुणेच्या मी वाईटावर आहे असं मात्र समजू नका. चौथीपर्यंत मीच शिकवली तिला. पाढे चोख, अक्षर वळणदार — फक्त मान वर करून बोलायची खोड. मी बोलते आहे ते फंडाच्या हिताचं. कॉलेजात घालून काय करणार आहात तिचं? या मंदीत बी.ए. झालेले मुलगे पंचवीस रुपयांच्या कारकुनीसाठी मुंबईत जिने झिजवताहेत, त्यात हिला कोण विचारणार? शिष्यवृत्ती कर्जाऊ, नोकरी लागल्यावर फेडायची — आणि लग्न झालं म्हणजे? सासऱ्याला नोटीस धाडणार? काय? मुलींच्या हायस्कुलांना पदवीधर बाई मिळत नाहीत? सत्तर रुपयांवर घेतात? ठाऊक आहे मला! तीस वर्षं शिकवून मी अठ्ठावीस रुपयांवर निवृत्त झाले — तोच फळा, तोच खडू — आणि काल मिठागरातून पाय धुऊन आलेली पोर सत्तरावर सुरुवात करणार! — हे मी आपलं तुलनेसाठी सांगितलं.

मीही मॅट्रिक्युलेट आहे, अठराशे ब्याण्णव सालची. आणि शिष्यवृत्ती मलाही मंजूर झाली होती — होय, मलाही, एका शेटजींच्या फंडातून. कॉलेजचं उत्तरसुद्धा आलं होतं. वडिलांच्या संमतीची तेवढी एक ओळ रिकामी. माझे वडील मामलेदार कचेरीत अव्वल कारकून; इंग्रजी अक्षर असं, की साहेब लोक एकमेकांना दाखवीत. त्या एका ओळीवर त्यांनी टाक टेकवला नाही. म्हणाले, 'मुलीच्या पगारावर जेवायची वेळ या घरावर आलेली नाही.' — पुढे आली. अकरा वर्षं जेवले. ते असो.

आणि हा बुधाजी! स्वतःचं नाव वाचता येत नाही त्याला. इंग्रजी अर्ज वाचून घ्यायला याच ओटीवर येऊन बसला. मी वाचू लागले, तर पुरतं ऐकूनही घेईना — 'पोरीचा हाय ना? मंग सांगा, कुठं टेकवू?' एकदा टेकवला, उमटेना. धोतराला पुसून पुन्हा. तिसऱ्यांदा तर अंगाचा सगळा भार दिला — 'बाय, आजून दाबू काय?' — शाई मनगटापर्यंत ओघळली, आणि हा हसतोय! आपण काय देऊन टाकतो आहोत याची जाणीव तरी होती का त्याला? होती. चांगली होती. म्हणून तर हसत होता. इतका हसत होता, की मी — खाली साक्षीदाराची ओळ होती, ती मी वाचूनच दाखवली नाही. म्हणजे, त्याने विचारलं नाही — आणि मी —

असे बघू नका माझ्याकडे. होय. माझ्यासमोर उमटवला त्याने.

आणा तो कागद. तुमचं फाउंटन पेन नको, माझा टाक आहे. 'माझ्या समक्ष' — आणि तारीख आजचीच घालते. त्या दिवशी मी सही केली नव्हती, हे दिसू दे तुमच्या कमिटीला. वाळू द्या शाई, घडी घालू नका लगेच.

आभार कसले मानता? त्या मुलीला एवढंच सांगा, पाया पडायला इकडे यायचं नाही. बापाला घेऊन तर मुळीच नाही. — निघा आता.