पाया कातळाला टेकला

उलव्याच्या बसथांब्यावर माझ्यापुढे एक आजी उभ्या होत्या. मागून आलेल्या तरुणीला त्यांनी हाक मारली.

“सुनयना ना गो तू? आमच्या जागेन चर खनलेला, तीच?”

“हो, मालतीआजी! अजून रागावलाय?”

“तवा रागावलेले. घराचा पाया रखडवून ही पोर माती काय बघते, म्हनून.”

“जुन्या भूकंपांच्या खुणाच शोधत होते मी, आजी. चिकणमातीत वाळूची उभी रेघ सापडली ना. फार जुन्या भूकंपात खालची ओली वाळू पाण्यासारखी पातळ होऊन वर उसळली होती. पुन्हाही तसं होऊ शकतं.”

“म्हनून तर पोरानं पाया पार खाली कातलाला टेकवला. पैसा खालीच गेला, म्हनून दोन मजल्यांऐवजी एकच बांधला.”

“म्हणजे माझ्यामुळे एक मजला गेला.”

“जाऊ दे गो. सून बालंतीन होऊन त्याच घरान आली. नात निवांत झोपते, मी पन झोपते. तुझे लय उपकार हायेत.”

“उपकार तुमचे, आजी. या पट्ट्यात कितीतरी जणांनी मला फाटकातूनच परत पाठवलं. तुम्ही लगेच खणू दिलंत.”

“मना भूकंपाचा काय ठाव? तू उनान उभी व्हतीस, म्हनून आत बोलावली.”