बैलाच्या गळ्यातलं प्रथिन

...अन् वरून दादा मलेच विचारते, "नरसिंगा, पोट्टी काऊन रडून राह्यली गा?" आता काय सांगू मी! मोठा भाऊ होये माझा, यशवंतदादा, पोट्टीचा मोठा बाबा, घरातला कर्ता माणूस, त्याच्या तोंडाले लागता येते काय? तुमाले सांगतो, पोरीले विज्ञान शिकवायचं असन, तं घरात बैल ठेवू नोका!

झालं असं. माझी अश्विनी दहावीत, इथंच बाजारहत्नूरले. शाळेत विज्ञानाचं प्रदर्शन, निवड झाली तं आदिलाबादले जायाचं. पोट्टीनं जीवच टांगला होता त्याच्यावर. अन् घेतलं काय? प्रथिन! मी म्हटलं, तुरीच्या डाळीत असते थेच ना? तं म्हनते, "डाळीत असते, अंड्यात असते, तुमच्या रक्तात, केसात, नखात..." म्हटलं राहू दे, माझ्यात एवढं काही हाये हे तुझ्या मायले नोको सांगू, तिचा इश्वास बसनार नाई!

मंग सुरू झालं. तांब्याच्या तारेत रंगीत मणी. एकएक मणी म्हंजे म्हने अमिनो आम्ल. मधामधात लोकरीचे गोंडे. म्हटलं, झाली ना माळ? "नाई बाबा! माळ तं नुसती सुरुवात. इथं पीळ, इथं पंख्यावानी चुण्या, अन् मंग साऱ्याचा मिळून गोळा. तवा थे प्रथिन काम करते. घडीतच सारं हाये!" तार वाकवून राह्यली, पुस्तकात पाहून राह्यली, पुन्हा सोडून राह्यली... बोटं सोलली. म्हटलं बाई, जेव. "घडीतच सारं हाये, बाबा!" आता भूक बी घडीत असते काय?

अन् प्रदर्शन कधी? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी! मॉडेल टांगलं ओसरीतल्या खुंटीले. पोळ्याच्या सकाळी खुंटीले मणी, गोंडे... आमच्या दादाले काय वाटन, तुमीच सांगा! डोळे भरून आले त्याचे. "पोट्टीनं आपल्या चांद्या बैलासाठी एवढं केलं गा! पण पाह्य कसा गुंता करून ठेवला!" अन् बसला मांडी घालून. एरवी चहा थंडा होयेपर्यंत धीर नसते त्याले, पण त्या दिवशी एकएक पीळ, एकएक चुणी, असा मायेनं सोडवला, असा मायेनं... तार मांडीवर घासून सरळसोट केली अन् घातली चांद्याच्या गळ्यात!

तोरणाखाली सारं गाव बैलाले पाहून राह्यलं, अन् माझी पोट्टी बैलाच्या गळ्याले! चांद्याचा पहिला नंबर. दादा मिशीले पीळ देऊन राह्यला, तारेचा तं काढलाच होता. पोट्टी घरी येऊन कोपऱ्यात बसली. मले लय वाईट वाटलं हो. म्हटलं, चाल, पुन्हा वाकवू, मी हात लावतो. तं म्हनते, "उकडलेलं अंडं पुन्हा कच्चं होते काय, बाबा?"

तशीच घेऊन गेली. सर तेलुगूत इचारते, "इदेंदम्मा?" म्हंजे, हे काय हाये बाई? पोट्टीनं खरं सांगितलं, "सर, हे घडी मोडलेलं प्रथिन. आता याचं काम बंद." सर हासले, पाठ थोपटली, अन् आदिलाबादले पाठवलं कोणाले? तिच्या वर्गातल्या भार्गवच्या ज्वालामुखीले! त्याच्यातून धूर निघे ना! आमच्यातून निघे शेणाचा वास.

बरं, संपलं म्हनावं तं... काल बाजारात मानसं आडवी येऊन राह्यली, "नरसिंगराव, चांद्याच्या गळ्यात होतं थे प्रथिन कोठी भेटते? गळ्यात घातलं की बैलाले ताकद येते म्हने!" पोट्टीच्या तोंडून 'प्रथिन' एवढंच उचललं दादानं, अन् त्यानंच सांगितलं ना साऱ्याईले! आता ओसरीत मणी घेऊन मानसाईची ही गर्दी, अन् पोट्टी हात जोडून सांगून राह्यली, "काका, घालाचंच हाये तं सरळ नोका घालू, घडीतच सारं हाये!"

मी म्हटलं, अशू, एक मले बी करून दे वो, लय थकलो. तवा हासली पोट्टी, पोळ्यापासून पहिल्यांदा. म्हनते, "घडी करून देऊ का सरळ, बाबा?"

म्हटलं, कशीबी दे, बाई... माझी घडी तं तुझ्या मोठ्या बाबानं कधीचीच सोडवून ठेवली!