कस्तुराबाईंचा मसाला

केडगावात मसाला कांडायच्या डंकावर मी नंबर लावून बसलो होतो. माझ्या पुढं कस्तुराबाई आणि त्यांची सून सुलक्षणा. वर्षाचा काळा मसाला कुणाच्या हिशेबानं कांडायचा, यावरून दोघींचं घरापासून चाललं होतं. शेवटी सुलक्षणानं गेल्या सालचे दोन्ही मसाले हातावर काढले. डाव्या हातावर सासूचा, उजव्या हातावर स्वतःचा.

"आत्या, डोळं मिटा आन् चाखून सांगा."

"मिटलं. दे."

तिनं डाव्या हातातली चिमूट सासूच्या जिभेवर ठेवली.

"ह्यो तुझा. नुसता जाळ. चव न्हाई, काय न्हाई."

"आन् आता ह्यो?" तिनं उजव्या हातातली चिमूट दिली.

"ह्यो माझा. जलमभर खातीया, वळखायची न्हाई व्हय?"

"व्हय आत्या. तुमचाच हाय."

"मग असाच कांडायचा. त्यो पयला जनावराला बी घालू नगंस."

"बरं."

"आन् रविराजनं इचारलं तर सांग, आईचाच हाय म्हणून."

"सांगते."

डंकवाल्यानं हाक मारली. सामानाच्या पिशव्या उचलताना कस्तुराबाई हळूच म्हणाल्या,

"दगडफूल किती घालतीस गं?"

"कशात?"

"माझ्या मसाल्यात."