जावईबापू, हलू नका

हॅलो? … हो, मीच. बोल, पण पटकन बोल. … धाप? लागली असेल. … अगं, फोन मी नाही उचलला, कानातल्या त्या ब्लूटूथच्या बोंडकानं उचलला. दोन रिंगा झाल्या की आपोआप उचलतं ते. माझे दोन्ही हात अडकलेत. … कशात म्हणजे? तुझ्या नवऱ्यात.

हो, हो… अगं ऐक ना! किंचाळू नकोस. तो ऑफिसात नाहीये. इथे आहे, माझ्या दुकानात, शिवणयंत्राखाली डोकं घालून पडलाय. … नाही गं, जिवंत आहे! जावईबापू, जरा हुं करा. … ऐकलंस? एवढं मोठं नको होतं करायला.

काय झालं म्हणजे… आला, स्वतःच्या हातानं शटर खाली ओढलं आणि म्हणाला, मावशी, शांतपणे बोलू. शांतपणे बोलणारा माणूस शटर कशाला ओढेल? 'कुठाय ती' म्हणत त्यानं माझं मनगट धरलं. आणि धरलं ते कसं! आपल्या त्या स्वसंरक्षणाच्या, हॅपकिडोच्या वर्गात सरांनी पहिल्या दिवशी धरून दाखवलं होतं ना, तस्सं. मी काही केलंच नाही. त्यानं ओढलं, मी त्याच्याच बाजूला वळले, त्याचा पंजा दुमडला. सर मोजतात ना कोरियन आकडे, हाना, दुल, सेट? सेटपर्यंत पोचायची वेळच आली नाही. नव्वद किलोचा माणूस घडी घातल्यासारखा खाली बसला.

… घाबरू कशाला? चाळीस वर्षं बाह्या दुमडतेय मी. कापड ओरडत नाही, एवढाच फरक. अगं, मी तर सरांनासुद्धा तीनदा लोळवलंय. … बरं, एकदा. … बरं बाई, ते घसरले होते. पण पडले ना?

ते सोड. त्याच्या घरात तुझी फाइल मिळाली का? … कपाटात नाही? … माळ्यावर? … अगं, सोमवारी हॉस्पिटलात हजर व्हायचंय तुला. प्रमाणपत्रं दाखवली नाहीत तर नर्सची नोकरी गेलीच समज. मग काय, परत याच्याच दारात? सगळं उलटंपालटं कर, पण रिकाम्या हातानं निघू नकोस. इकडची काळजी करू नकोस, मी धरलंय. दुकानं दुपारची बंद आहेत, हाक मारून उपयोग नाही, पण मी धरल…

अरे! … थांब! … सुटला! …

…

हॅलो? … आहे, आहे. … मी नाही पडले, स्टूल पडलं. … थांब, श्वास घेऊ दे.

थाप मारली गं त्यानं. जमिनीवर, दोनदा. आणि माझे हात आपोआप सुटले! थाप पडली की सोडायचं, विचार करायचा नाही, हे सरांनी किती घोटून घेतलंय. आणि हा तीन महिने वर्गातल्या त्या बाकावर बसून होता ना? 'बायकोला न्यायला आलोय' म्हणत! आपल्याला वाटायचं, फोन बघतोय. सगळं पाठ केलंय मेल्यानं.

… हो, आता परत धरलाय. उठला तो माझ्या गळ्यातली टेप धरूनच. गुंडाळली आणि ओढली. … आहे ना, बोलतेय ना मी? मग गळा आहे. … मागे नाही ओढलं मी. आत शिरले, त्याच्या कोपराखाली. आता पालथा आहे, माझा गुडघा त्याच्या पाठीवर, आणि हात सरळ ताणून माझ्या मांडीवर, कोपर उलटं. ही पकड आपण फक्त दोनदा केली होती. आठवतं? सर म्हणाले होते, इथून पुढे बोटभरसुद्धा जायचं नाही, मोडेल. मी त्या बोटभरावर बसलेय.

जावईबापू, आता बडवा जमीन हवी तेवढी. मी काही सोडत नाही. … हो, सरांना सांग, काढा म्हणावं मला वर्गातून.

… काय म्हणतोय? फाइल जाळली म्हणतोय. … अगं थांब, रडू नकोस! हा आणि जाळणार? फाटक्या बनियनी जपून ठेवणारा माणूस.

… आता? आता रडतोय. चुकलो म्हणतो. मावशी, तिला सांगा, घरी ये म्हणावं, पुन्हा नाही होणार… हॅलो? … हॅलो? बोल ना. अशी गप्प होऊ नकोस, मला भीती वाटते. याच्यापेक्षा जास्त वाटते.

… 'दुखत असेल' म्हणतेस? हो, दुखतंय त्याला. ऐक. वर्गात पहिल्या दिवशी सर तुझं मनगट धरायला आले आणि तू हात पाठीमागे लपवलास. सगळ्यांना वाटलं, लाजली. बाहीचं माप मी घेतलं होतं तुझं, आदल्याच आठवड्यात. लांब बाह्या हव्यात म्हणालीस, ऐन उकाड्यात. मी विचारलं नाही. चूक माझी, पोरी. विचारायला हवं होतं.

म्हणून आता सांगते, याला मी धरून ठेवीन. पण तुला कसं धरून ठेवू? तुझ्यासाठी पकड नाही शिकवली कुणी मला.

… शाबास. … हो, डोळे पूस आणि शोध.

थांब. थांब गं… परवा हा माझ्याकडून सुई-दोरा घेऊन गेला होता. शर्टाचं बटण तुटलंय म्हणाला. हाच शर्ट अंगात आहे, मघाशी समोर उभा राहिला तेव्हाच बघितला मी. कॉलरपासून बाहीपर्यंत एकही बटण बदललेलं नाही, सगळी मशिनची. मग दोरा कशाला लागला? … काळा. काळाच दिला होता मी.

गादी बघ! खोळ मी शिवलीय, पांढरा दोरा, मशिनची टीप. कुठे हाताचे टाके दिसतात का? … पायाकडे? काळे? … वेडेवाकडे असणारच, शिवायला कुणी शिकवलंय त्याला! उसव. … कात्री कशाला शोधतेस, फाड! खोळ मी दुसरी शिवीन!

जावईबापू, अहो, हलू नका. कोपर तुमचंच आहे, माझं काही जात नाही.

… आहे? … सगळी? मोज. … शेवटच्या वर्षाचं? … रजिस्ट्रेशनचं? … हं.

आता मात्र ऐक. पिशवी घे, चप्पल घाल, जिन्यानं उतर, लिफ्टची वाट बघू नकोस. … मी? मला काय होतंय, संध्याकाळपर्यंत बसेन अशी. … आवाज? आवाज असाच आहे माझा. … इकडे अजिबात यायचं नाही. थेट मैत्रिणीकडे. …

रिक्षा मिळाली? … बसलीस? … निघाली का रिक्षा? … निघाली ना?

मग फोन ठेव आणि पोलिसांना लाव. दुकानाचा पत्ता सांग, शटरला कुलूप नाही म्हणावं, नुसतं वर उचला. … अगं, माझ्याशी बोलत राहिलीस तर त्यांना कोण सांगणार? … मला नाही ठेवता येत गं, हे बोंडूक उचलतं आपोआप, ठेवत नाही. तुलाच ठेवावा लागेल. … हो. … हो, मी पण. … लवकर लाव, सोने, बोटं बधिर… काही नाही, काही नाही. ठेव. … ठेव म्हणते ना!

…

गेली.

जावईबापू… आता रडताय ते मात्र खरं वाटतंय.